जिकडे चिखल, तिकडे बंडी

आपल्या वर्ध्यात दीपस्तंभ नाही आणि असायचं कारणही नाही. इथून कोणत्याही दिशेनं निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र भेटत नाही. महाराष्ट्राचे नावाजलेले दीपस्तंभ सगळे कोकणपट्टीला. खांदेरीच्या बेटावरचा १८६७ चा, मुंबईत कुलाब्याच्या टोकाला भर खडकांत उभा असलेला प्रॉन्ग्जचा १८७५ चा. पण आज मी ज्याची गोष्ट सांगणार आहे तो त्याच दशकातला असूनही समुद्रावर नाही. तो आहे तळ्याच्या काठी.

"तळ्याला काऊन पाहिजे दीपस्तंभ, आबाजी? आपल्या बोर धरणाला कुठं आहे?"

बरोबर विचारलंस. तुमची आत्या राहते ना, त्या शिकागोच्या उत्तरेला लागूनच एव्हान्स्टन नावाचं गाव आहे. गावाच्या पूर्वेला मिशिगन सरोवर. आता तळं किती मोठं, तर आपला वर्धा जिल्हा आहे सहा हजार तीनशे चौरस किलोमीटरचा. आष्टी-कारंज्यापासून हिंगणघाटापर्यंत, नावात समुद्र असलेलं आपलं कोरडं समुद्रपूरसुद्धा धरून, असे नऊ जिल्हे त्या पाण्यात मांडले तरी थोडी जागा उरते. सर्वांत खोल जागी २८१ मीटर पाणी. बोर धरणाच्या भिंतीवरून पलीकडचं जंगल दिसतं. इथं पलीकडचा काठ शंभर किलोमीटरच्या आसपास. लाटा येतात, फेस येतो, वादळात जहाजं फुटतात. मी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, तर गोडं!

हे तळं खणलं बर्फानं. आपल्या पायाखालचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे आपली जमीन आगीतून घडली. तिकडची जमीन बर्फानं घासली. किलोमीटर-किलोमीटर जाडीची बर्फाची चादर उत्तरेकडून सरकत आली, मऊ खडक खरवडत गेली, आणि सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वी वितळत मागे हटायला लागली, तेव्हा खड्ड्यांत पाणी साचलं. पृथ्वीच्या हिशेबात ही कालची गोष्ट.

आता जहाजाची गोष्ट. १८६० चा सप्टेंबर. 'लेडी एल्गिन' नावाची आगबोट, दोन्ही बाजूंना मोठी चाकं असलेली, शिकागोहून रात्री मिलवॉकीला परत निघाली. सहलीला आलेली माणसं, वाद्यं, नाचगाणी. मध्यरात्र उलटली, वारा उठला, पाऊस आला, आणि अंधारातून लाकडं लादलेलं 'ऑगस्टा' नावाचं शिडाचं जहाज येऊन तिच्या कुशीत घुसलं. ऑगस्टावाल्यांना वाटलं, समोरच्याला फारसं लागलं नाही. ते शिकागोकडे निघून गेले. लेडी एल्गिन मात्र बघता बघता बुडाली. सुमारे तीनशे माणसं गेली. बँडमधला एक ढोलवाला आपल्या मोठ्या ढोलाला धरून तरंगत राहिला आणि वाचला. पुष्कळ जण फळ्यांना धरून काठाजवळ पोचले आणि तिथल्या फुटत्या लाटांत बुडाले. एडवर्ड स्पेन्सर नावाचा एव्हान्स्टनचा एक विद्यार्थी कमरेला दोर बांधून पुन्हा पुन्हा पाण्यात शिरला आणि त्यानं १७ जणांना बाहेर काढलं.

"मंग त्या लोकांनी दीपस्तंभ बांधला?"

मागितला. मिळायला बरीच वर्षं गेली. मनोरा उभा राहिला १८७३ मध्ये, दिवा लागला १८७४ च्या मार्चमध्ये. आणि खरं सांगू का, त्या रात्री तो असता तरी ती टक्कर टळली असती असं मला वाटत नाही. दोन जहाजांनी एकमेकांना वेळेत ओळखलं नाही, त्याला काठावरचा दिवा काय करणार? पण तिथं पाण्याखाली उथळ वाळूचे पट्टे आहेत, शिकागोकडे येणारी जहाजं त्यांवर चढायची. त्यासाठी दिवा हवाच होता. मोठं दुःख झालं की जुनी मागणी एकदाची ऐकली जाते, एवढंच.

या दीपस्तंभाचं नाव ग्रोस पॉइंट. उंची ३४ मीटर. विटांचा आहे, पण विटा थंडीनं खचायला लागल्या म्हणून १९१४ मध्ये त्यावर सिमेंटचा थर चढवला. आत गोल जिना, १४१ पायऱ्या. तुमच्या आत्यानं खालीच विचारलं, बाबा, जमेल ना? आता जावयासमोर नाही कसं म्हणणार! वर पोचलो तेव्हा गुडघे बोलत होते, पण समोर जे पाहिलं त्यानं त्यांची तक्रार बंद झाली. काचेचं एक देऊळच म्हणा. मोठ्या माणसाहून उंच, पॅरिसहून आणलेलं, वलयांवर वलयं रचलेलं. खिडकीतून ऊन आलं की त्याच्या कडांवर सातही रंग. आणि मधे दिवा केवढा? साधा, छोटा. पूर्वी तर तेलाचा होता.

"मग एवढ्याशा दिव्याचा उजेड लांब कसा जायचा?"

इथंच खरी गंमत आहे. दिव्याचा उजेड चारी बाजूंना सांडतो. वर जातो तो पाखरांना, खाली पडतो तो जमिनीला. जहाजाला हवा असतो फक्त आडवा जाणारा. मग वर-खाली सांडणारा उजेड वाकवून आडवा करायचा. उजेड वाकवायचा कसा?

पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या वावरात बंडी नेलेली पाहिली आहे ना? पक्क्या रस्त्यावरून तिरपी उतरली की एक चाक आधी चिखलात जातं. ते रुततं, मंदावतं. दुसरं चाक अजून रस्त्यावर जोरात आहे. मग बंडी कुठं वळते? चिखलाकडे. बैलांनी ठरवलेलं नसतं, पण वळते. उजेडाचं अगदी हेच. मोकळ्या हवेत तो सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, काचेत शिरला की दोन लाखांवर येतो. तिरपा शिरला तर त्याची एक बाजू आधी मंदावते, आणि उजेड काचेकडे वळतो. सरळ शिरला तर दोन्ही चाकं एकदम चिखलात, गती कमी होते पण वळण नाही. काचेतून तिरपा बाहेर पडताना पुन्हा वळतो. जिकडे चिखल, तिकडे बंडी. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, आजची सगळी गोष्ट त्यावरच चालणार आहे.

आता फुगीर भिंग घेतलं तर उजेड आडवा करता येतो, हे लोकांना आधीच माहीत होतं. अडचण अशी की एवढ्या दिव्यासाठी भिंग केलं तर ते मधे इतकं जाड होणार, इतकं जड होणार की निम्मा उजेड काचच गिळणार. यावर तोड काढली ओगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच माणसानं. जन्म १७८८ चा. आठ वर्षांचा होईपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं असं सांगतात. पुढं रस्ते बांधणारा सरकारी इंजिनियर झाला, आणि फावल्या वेळात उजेडाचा अभ्यास करायचा. त्यानं विचार केला: बंडी वळते ती रस्ता आणि चिखल जिथं मिळतात तिथं, कडेला. चिखलाच्या मधोमध ती सरळच जाते. तसा उजेडही काचेच्या पृष्ठभागावरच वळतो, पोटात वळत नाही. मग पोटातली काच कशाला? काढून टाका! भिंगाचा फक्त उतार ठेवा, त्याची वलयं कापा, आणि एकावर एक पायऱ्यांसारखी मांडा. काम तेच, वजन थोडंसं.

बंडीची कल्पना अर्थात माझी, फ्रेनेलच्या कागदावर गणित होतं.

अगदी वरच्या आणि अगदी खालच्या उजेडाला मात्र एवढं वळण पुरत नाही. तिथं तिकोनी लोलक लावतात. त्यात शिरलेला उजेड आतल्या भिंतीवर इतका तिरपा पडतो की त्याला बाहेर पडताच येत नाही, तो आरशावरून उडावा तसा परत फिरतो आणि आडवा निघतो. पारा नाही, चांदी नाही, नुसती काच. फ्रेनेलचं पहिलं मोठं भिंग १८२३ मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपस्तंभावर लागलं. त्यानंतर चारच वर्षांनी तो क्षयानं गेला, वय ३९. पुढं जगभरच्या दीपस्तंभांवर त्याचीच काच चढली. मोठ्या-लहान भिंगांना क्रमांक आहेत. ग्रोस पॉइंटचं दुसऱ्या क्रमांकाचं, म्हणजे दिव्यापासून काच ७० सेंटीमीटरवर. पहिल्याचं अंतर ९२.

"आबाजी, भिंगातून ऊन पाडलं की कागद जळतो. तिथं नाही जळत?"

शाब्बास! उजेडाचा रस्ता दोन्हीकडून सारखाच असतो. दिव्याचा उजेड जसा बाहेर जातो, तसं सूर्याचं ऊन त्याच वाटेनं उलटं आत येऊन दिव्यावर गोळा होणार. दिवा तेलाचा. म्हणून दिवस उजाडला की रखवालदाराचं पहिलं काम खोलीचे पडदे ओढायचं. रात्रभर उजेड पाठवायचा आणि दिवसा उजेड अडवायचा, अशी त्याची नोकरी. त्यात भर म्हणजे प्रत्येक दीपस्तंभाची खूण वेगळी. ग्रोस पॉइंटचा उजेड तेव्हा पांढरा, एकसारखा असायचा, आणि दर तीन मिनिटांनी एक लाल झळक. खलाशी घड्याळ धरून मोजायचे आणि ओळखायचे, हा एव्हान्स्टनचा. ती झळक वेळेवर यायची तर घड्याळासारखं यंत्र चालू ठेवावं लागे. त्या काळी अशा यंत्रांना टांगलेलं वजन हळूहळू खाली उतरायचं आणि माणसानं उठून ते पुन्हा वर गुंडाळायचं, थंडीच्या रात्रीसुद्धा. १९४१ मध्ये हा दिवा बंद झाला, युद्धानंतर गावानं पुन्हा लावला. १९९९ मध्ये त्याला देशाचं ऐतिहासिक स्थान म्हणून मान मिळाला.

दिवा इतका उंच का, याचं उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे. डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, साडेतीननं गुणा. तितक्या किलोमीटरवर तुमचं क्षितिज. हा धाकटा काठावर उभा राहिला, डोळे एक मीटरवर, तर त्याला साडेतीन किलोमीटर पाणी दिसेल, पुढचं गोलाईखाली. त्या दिव्याची पाण्यापासून उंची ३६ मीटरच्या आसपास. ३६ चं वर्गमूळ?

"सहा!"

सहा गुणिले साडेतीन, एकवीस किलोमीटर. जहाजावरचा माणूस चार मीटर उंचीवर असेल तर त्याचे सात मिळवा. अठ्ठावीस. म्हणजे त्यानं अठ्ठावीस किलोमीटरवरून दिवा पाहिला आणि सुकाणू वळवलं. मनोरा बुटका असता तर काच कितीही चांगली असून फायदा नव्हता.

खाली उतरलो तर आवारात दोन बुटकी घरं. धुक्यात उजेड चालत नाही, तेव्हा तिथून वाफेचे भोंगे वाजायचे. शेजाऱ्यांची झोप काय झाली असेल! आता आवारात तिथल्या रानफुलांची बाग आहे, आणि पुढं काठाला वाळूच्या लहान टेकड्या. त्यांवर एक लांब पातीचं गवत. वारा वाळू उडवतो, गवताला अडून ती तिथंच पडते, गवत बुडायला लागतं की वर वाढतं, मुळं खाली पसरतात, टेकडी मोठी होते. मग झुडपं येतात, मग झाडं. याच सरोवराच्या दक्षिण काठच्या वाळूत शिकागो विद्यापीठाच्या हेन्री काउल्स यांनी पाण्यापासून आत चालत जात उघड्या वाळूचं जंगल कसं होतं ते टप्प्याटप्प्यानं मांडलं, १८९९ मध्ये. त्यासाठी हजार वर्षं थांबायची गरज नव्हती, नुसतं काठापासून आत चालायचं. मला तर दीपस्तंभाइतकंच ते गवत आवडलं. पण जावयाला घाई होती.

आता शेवटची गंमत. शिकागोत विलिस टॉवर नावाची ४४२ मीटरची इमारत आहे. आपल्या हिशेबानं ती त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर किलोमीटरवरून दिसावी, पलीकडच्या काठावरच्या माणसाचे चार-पाच किलोमीटर मिळवा. तरी नव्वद किलोमीटरवरच्या समोरच्या काठावरून ती दिसता कामा नये. पण वसंत ऋतूत एखाद्या दिवशी तिथून शिकागोची अख्खी रांग दिसते. कधी कधी उलटीसुद्धा, डोकं खाली!

"जादू?"

चिखल. वसंतात पाणी अजून बर्फासारखं थंड असतं. त्याला लागलेली हवा थंड आणि दाट, वरची हवा उबदार आणि विरळ. दाट हवेत उजेड किंचित सावकाश जातो. म्हणजे चिखल खाली. म्हणून शिकागोहून निघालेला उजेड खाली वळत वळत पृथ्वीच्या गोलाईबरोबर पलीकडे पोचतो.

आणि हिंगणघाटच्या रस्त्यावर मे महिन्यात समोर पाणी दिसतं ना, ते मृगजळ? तिथं सगळं उलटं. डांबर तापलेलं, त्याला लागलेली हवा सर्वांत गरम आणि सर्वांत विरळ. सावकाश हवा वर, म्हणजे चिखल वर. आभाळातून तिरपा खाली येणारा उजेड रस्त्याला टेकायच्या आधीच वर वळतो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. आपण पाहतो आभाळच, पण ते रस्त्यावर पडलेलं वाटतं, आणि जमिनीवर निळं चकाकतं ते पाणी असंच मन समजतं.

"मग ते नेहमी पुढंच का पळतं?"

कारण एवढंसं वळण फक्त फार आडव्या येणाऱ्या उजेडालाच पुरतं. तुम्ही जवळ गेलात की तुमची नजर रस्त्यावर जास्त उभी पडते, आणि तेवढं वळवायची त्या हवेत ताकद नाही. या मे महिन्यात पवनारकडे जाऊ तेव्हा आधी उभं राहून पाहा, मग रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून पाहा. बसलं की पाणी जवळ सरकतं. किती सरकलं ते पावलांनी मोजायचं. आणि मी गाड्यांकडे लक्ष ठेवीन, तोवर कोणी रस्त्यावर उतरायचं नाही.