दानाचे दफ्तर

वस्तुसंग्रहालयाने दानाच्या वस्तूइतकीच त्या दानाची नोंदही जिवापाड जपली पाहिजे, हे ज्याला मनोमन पटवून घ्यावयाचे असेल त्याने नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात, नहपान क्षत्रपाचा जामात उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी कोरविलेल्या लेखापुढे घटकाभर उभे राहावे. भिक्षुसंघास लेणे अर्पण करताना त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली: २००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० शेकडा पाऊण व्याजाने, मुद्दल कायम राहावयाचे, उपभोग केवळ व्याजाचा. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज २४०, आणि वर्षावासातील वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा, म्हणजे तेही २४०च. इतक्या शतकांनंतर हिशेबाची रुजुवात होते, ती तपशील पुरा लिहिला म्हणून. हे दान निगमसभेत जाहीर होऊन रिवाजाप्रमाणे फलकांवर नोंदले गेले, असेही लेख सांगतो. ते फलक आज उरले नाहीत. शिळेवरची प्रत तेवढी राहिली.

याच जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप उठविलेला आढळला. एकेक नाणे सुटे पाहणाऱ्यास जे कळले नसते ते, म्हणजे एका सत्तेने दुसरीचे चलन आपलेसे केल्याचे वर्तमान, त्या साऱ्या निधीची एकत्र मोजदाद व टिपण झाल्यामुळे इतिहासाच्या हाती आले.

संग्रहालयात हे कार्य दाखल नोंदवही करते. अनुक्रमांक, तारीख, वस्तूचे वर्णन, माप, वजन, स्थिती, दात्याचे नाव आणि वस्तू देणगी, खरेदी की उसनवार, हा सारा मजकूर तीत पक्क्या शाईने लिहावा; वही बांधीव असावी, पृष्ठांवर क्रमांक असावेत, आणि चूक झाल्यास खाडाखोड न करता एक रेघ मारून शेजारी सही करावी. वस्तूवरील क्रमांक, वहीतील क्रमांक आणि दात्याच्या सहीचे दानपत्र या तिहींचा मेळ बसला, तरच मालकी निर्विवाद ठरते. दानपत्रे आम्लरहित कागदाच्या वेष्टनात ठेवावीत, पावसाळ्यात दमट हवा, कसर आणि वाळवी यांवर नजर असावी, आणि गोदेचा पूर सराफ बाजारापर्यंत चढतो त्या या नगरीत दफ्तर कदापि तळमजल्यावर नसावे. संगणकीय प्रत अवश्य करावी; परंतु मूळ वही आणि प्रत एका छपराखाली ठेवू नयेत.

घरातील ताम्रपट, पोथी वा नाणे संग्रहालयास देणाऱ्या प्रत्येक नाशिककरास माझी विनंती आहे की, वस्तूबरोबर ती कोठून व कशी आली याची हकीकतही लिहून द्यावी, आणि दाखल क्रमांक असलेली पोच घेतल्यावाचून परतू नये.