उपदेशकाचे वेतन कोण देतो?

एखाद्या धर्मपंथाने समाज किती बदलला याचा विचार करताना त्याची तत्त्वे आणि त्याचे सत्पुरुष यांचीच चर्चा बहुधा होते. त्याची जमाखर्चाची वही सहसा कोणी उघडीत नाही. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील इलिनॉय राज्यात मेथडिस्ट पंथाचे जे झाले, ते मात्र ही वही पाहिल्यावाचून उलगडत नाही.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने चालू केलेला हा पंथ अमेरिकेच्या नव्याने वसणाऱ्या मुलखात पसरला तो घोड्याच्या पाठीवरून. वस्त्या विरळ, चर्च बांधण्यास पैसा नाही. तेव्हा एकेका उपदेशकाकडे अनेक वस्त्यांचा फेरा सोपवला जाई. त्याला 1800 पर्यंत वर्षाला 64 डॉलर मिळत, नंतर 80 आणि 1816 पासून 100. त्याची नेमणूक व बदली पंथाचे वरिष्ठ करीत, त्यामुळे कोण्या एका गावच्या धनिकाचा तो मिंधा नसे. तो पुढच्या वस्तीकडे वळला की मागे राहिलेले शेतकरी आणि कारागीर स्वतःच प्रार्थनेचे वर्ग चालवीत, वर्गणी जमवीत, उभे राहून बोलत. लोकशाहीची ही शिकवणी कोणत्याही शाळेत मिळाली नसती.

असाच एक फिरता उपदेशक पीटर कार्टराइट 1824 मध्ये केंटकी सोडून इलिनॉयमध्ये आला. गुलामगिरीच्या प्रदेशात मुलांना वाढवायचे नाही हे एक कारण. नव्या मुलखात जमीन घेणे परवडेल हे दुसरे. दोन्ही त्याने आत्मचरित्रात प्रांजळपणे सांगितली आहेत. 1832 च्या विधिमंडळ निवडणुकीत तो विजयी झाला आणि अब्राहम लिंकन पराभूत. 1846 मध्ये काँग्रेसच्या निवडणुकीत लिंकनने त्याची परतफेड केली.

उद्योग आणि काटकसर यांतून संपत्ती येते आणि संपत्तीतून धर्म सैलावतो, ही भीती खुद्द वेस्लीला होती. इलिनॉयमध्ये ती खरी ठरू लागली. 1851 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ स्थापणारे मेथडिस्ट हे शिकागोचे वकील, डॉक्टर व व्यापारी होते. विद्यापीठाभोवती चार मैलांत मद्यविक्रीस बंदी झाली खरी, पण उपदेशक आता दगडी चर्चमध्ये स्थिर झाला होता आणि पुढच्या बाकांवर देणगीदार बसले होते.

दबाव आला तो पंथाच्या कडेला उभ्या असलेल्यांकडून. त्याच विद्यापीठातील फ्रान्सिस विलर्ड 1879 मध्ये स्त्रियांच्या राष्ट्रीय मद्यपाननिषेध संघाची अध्यक्षा झाली. दारूच्या परवान्यावर स्त्रियांना मत असावे, या मागणीच्या अर्जावर तिने इलिनॉयमध्ये लाखाहून अधिक सह्या जमवल्या. 1886 ते 1888 या काळात अमेरिकेत असलेल्या पंडिता रमाबाईंचा हिच्याशी स्नेह जडला. 1888 च्या मेथडिस्ट महापरिषदेवर विलर्डसह पाच स्त्रिया निवडून आल्या, पण त्यांना आसन नाकारण्यात आले. याच परिषदेने पगाराविना गरिबांची सेवा करणाऱ्या सेविकांच्या पदाला मात्र मान्यता दिली. स्त्रीचे श्रम हवे होते, मत नको होते!

खरी कसोटी लागली ती शिकागोजवळच्या पुलमन गावात. आगगाडीचे शयनडबे बनविणाऱ्या जॉर्ज पुलमनने 1880 पासून वसविलेले हे गाव संपूर्णपणे कंपनीच्या मालकीचे होते. घरांतून, दुकानांतून, इतकेच काय चर्चच्या इमारतीतूनही भांडवलावर 6 टक्के सुटावेत अशी अपेक्षा होती. हिरव्या दगडाचे ते सुंदर चर्च भाडे न परवडल्याने काही काळ रिकामेच राहिले. 1893 च्या मंदीत मजुरी सरासरी 25 टक्क्यांनी कापली गेली, घरभाडे मात्र जसेच्या तसे. मालक म्हणून मजुरी आणि घरमालक म्हणून भाडे हे दोन स्वतंत्र व्यवहार आहेत, असा कंपनीचा युक्तिवाद होता. कागदावर तो बिनतोड आहे. ज्याची मजुरी आणि भाडे एकाच खिशातून जाते त्याला तो कसा पटावा? जुलै 1894 अखेरच्या वर्षात मजुरीवरील एकूण खर्च 72 लाख डॉलरवरून 45 लाखांच्या आत आला, तर लाभांश 25 लाखांवरून 28 लाखांवर गेला. काम कमी झाल्याने मजुरीचा खर्च काही अंशी घटणारच होता. लाभांश वाढण्याला ते कारण पुरत नाही.

11 मे 1894 रोजी संप सुरू झाला. गावातील मेथडिस्ट उपदेशक विल्यम कारवर्डाइन याने 20 मे रोजी प्रवचनातच कामगारांची बाजू मांडली, आणि त्याच वर्षी संपावर पुस्तक लिहिले. भाडे वजा जाता हाती दोन सेंटचा धनादेश आलेल्या कामगाराची हकीकत त्याने नोंदवली आहे. त्या गृहस्थाने तो न वटवता चौकटीत बसवला. कारवर्डाइन संपाचा सरसकट पुरस्कर्ता नव्हता. पण त्याची नेमणूक पंथाने केली होती, कंपनीने नव्हे. घोड्यावरच्या उपदेशकाची ती जुनी व्यवस्था येथे कामी आली.

जुलैत संघराज्याच्या फौजेने संप मोडला. 1898 मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला कारखान्याखेरीजची मालमत्ता विकण्यास सांगितले. शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत काम केलेल्या हॅरी वॉर्डच्या पुढाकाराने 1908 च्या महापरिषदेने निर्वाहापुरती मजुरी, आठवड्याची सुट्टी आणि बालमजुरीचे उच्चाटन यांचा जाहीर पुरस्कार केला. पुलमनमधले ते हिरव्या दगडाचे चर्च त्याआधीच, 1907 मध्ये, मेथडिस्टांनी विकत घेतले होते.