‘गच्छंती’ झाली, पण केली कोणी?

संघ हरू लागला की प्रशिक्षक बदलावयाचा, ही युरोपीय फुटबॉल क्लबांची रीत आपल्याकडेही रूढ झाली आहे. मुंबई सिटी या फुटबॉल संघाने २०१४ ते २०१६ या पहिल्या तीन हंगामांत तीन प्रशिक्षक पाहिले. यात दोष कोणाचा, हे ठरविण्यापूर्वी क्रियेचा कर्ता कोण हे कळावयास हवे. आणि क्रीडावृत्तांची मराठी नेमका तोच गाळते.

‘गच्छंती’ हा शब्द पाहावा. संस्कृतातील ‘गच्छन्ति’ या बहुवचनी क्रियापदाचे मराठीत स्त्रीलिंगी नाम झाले. ‘प्रशिक्षकाची गच्छंती झाली’ या वाक्यात प्रशिक्षक षष्ठीत आहे, क्रियापद अकर्मक आहे, आणि घालविणारा कोठेच नाही. ‘उचलबांगडी’ला वस्तुतः उचलणारे हात लागतात, तीही आपोआप ‘होते’. ‘नारळ देणे’ मात्र सकर्मक. निरोपाचा नारळ कोणीतरी द्यावाच लागतो. परंतु ‘प्रशिक्षकाला नारळ’ या मथळ्यात दाता व क्रियापद दोन्ही गळतात आणि चतुर्थीतला प्रशिक्षक तेवढा उरतो.

मुंबईच्या रणजी संघाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने २०१५-१६ मध्ये ४१वे विजेतेपद मिळविले. पुढील हंगामात तो अंतिम सामन्यात गुजरातकडून हरला. २०१७ मध्ये पंडितांच्या जागी समीर दिघे आले. त्यानंतर २०२१ पर्यंत विनायक सामंत, अमित पागनीस, रमेश पोवार आणि अमोल मुझुमदार अशी नेमणुकांची रांगच लागली. यांतील काही स्वतःहून दूर झाले, पोवार भारतीय महिला संघाकडे गेले. ‘गच्छंती’ हा शब्द जाणे आणि घालविणे यांतील हा भेदच पुसून टाकतो. मध्यंतरी संघटनेचा कारभार काही काळ न्यायालयनियुक्त प्रशासकांकडे होता, म्हणजे कर्ताही एक राहिला नव्हता. इकडे पंडितांच्या विदर्भाने २०१७-१८ व २०१८-१९ असे लागोपाठ दोनदा अजिंक्यपद मिळविले, आणि जून २०२२ मध्ये बंगळुरू येथे त्यांच्याच मध्य प्रदेशने अंतिम सामन्यात मुंबईला हरविले.

यावरून ‘पंडितांना सोडल्यामुळे मुंबई हरली’ असे म्हणण्याचा मोह होतो. तोही आवरला पाहिजे. विदर्भाकडे वासिम जाफरसारखा मुंबईतच घडलेला फलंदाज होता. नेदरलंड्समधील १९८६ ते २००४ या काळातील फुटबॉलचा बास टेर वेल यांनी अभ्यास केला. प्रशिक्षक बदलल्यानंतर संघ सावरतो, परंतु तशाच घसरणीत सापडलेले व प्रशिक्षक न बदललेले संघही तितकेच सावरतात, असे त्यांना आढळले. ‘नंतर’चे ‘मुळे’ करण्याची घाई वाचकांइतकीच नेमणूक करणाऱ्या समित्यांनाही असते. दोन हंगामांत एक विजेतेपद व एक उपविजेतेपद मिळविणाऱ्या प्रशिक्षकाला मुदतवाढ का नाही, याचे उत्तर निकालांच्या कोष्टकात सापडत नाही. ते निर्णय घेणाऱ्यांनी द्यावयाचे असते. ते दिले जात नाही तोवर दोषाचा मोठा वाटा त्यांच्याकडेच राहतो.

पंडित स्वतः ज्यांचे शिष्य, त्या रमाकांत आचरेकरांनी दादरच्या शिवाजी पार्कवर अनेक दशके मुले घडविली. तेथील रूढ वाक्य होते, ‘तो आचरेकर सरांकडे जातो’. या वाक्यात कर्ता शिष्य आहे, आणि गुरू आपल्या जागीच आहेत.