प्रार्थना, पंगत आणि नाताळचा फराळ

‘मुलांना वळण लावायला हवं,’ हे वाक्य आपण बायका दिवसातून किती वेळा म्हणत असू! वळण म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो धाक आणि ‘हे करू नकोस, ते करू नकोस’ची लांबलचक यादी. पण वळण सांगून लागत नाही, रोज पाहून लागते. शेतात पाट काढून दिला की पाणी आपसूक त्या वाटेने जाते. घरातल्या रोजच्या सवयी आणि वर्षाचे सण हे असेच पाट आहेत.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांनी हे पाट फार पूर्वीच काढून ठेवले आहेत. वसईकडच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी जपमाळ होते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), पुणे भागातल्या प्रॉटेस्टंट घरांत पवित्र शास्त्रातला उतारा वाचून ‘उपासना संगीत’ मधले एखादे गीत म्हणतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग, भजन आणि कीर्तनाची गोडी ख्रिस्ती उपासनेत आणली, त्यामुळे ही प्रार्थना कधी परकी वाटली नाही. अडचण आहे ती आजच्या वेळापत्रकाची. मुलगी सात वाजता शिकवणीला, मुलगा खेळायला, यजमान नऊला घरी आणि उरलेल्या वेळात प्रत्येकाच्या हातात मोबाईल! मग प्रार्थना करायची कधी आणि सण टिकवायचे कसे?

दहाच मिनिटे, पण रोज

पहिली गोष्ट, प्रार्थनेची वेळ घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा. साडेसातची प्रार्थना आठवड्यातून चार वेळा चुकते. पण ‘रात्रीचं जेवण झालं की ताटं उचलायच्या आधी’ असे ठरवले तर ती सहसा चुकत नाही, कारण जेवण चुकत नाही. जेवायला बसण्यापूर्वी सगळ्यांचे मोबाईल एका टोपलीत ठेवावेत. त्यात आईबाबांचेही हवेत, नाहीतर मुले पहिल्याच दिवशी बोट दाखवतील.

प्रार्थना लांबवू नये. लहान मुलाला दहा मिनिटेही पुष्कळ होतात. उतारा वाचायची पाळी मुलांना द्यावी, अडखळले तरी चालेल. मग प्रत्येकाने आपल्या शब्दांत तीन गोष्टी सांगाव्यात: आज कशाबद्दल आभार मानायचे, कोणाची क्षमा मागायची आणि घराबाहेरच्या कोणासाठी मागणे करायचे. शेजारच्या आजारी आजीचे नाव चिमुरड्याच्या तोंडून आले की समजावे, पाट वाहू लागला.

एक पथ्य मात्र जरूर पाळावे. ‘देवा, आमच्या बाळ्याला अभ्यासाची बुद्धी दे,’ अशी प्रार्थना बाळ्याच्या देखत मोठ्याने करू नये! ती देवाला उद्देशून नसते, हे बाळ्याला चांगले कळते. रागे भरायचे ते दिवसा, समोरासमोर भरावे. प्रार्थनेची जागा सगळ्यांना निर्धास्त वाटली पाहिजे. शास्त्रातही, अनुवादाच्या सहाव्या अध्यायात, देवाची वचने मुलांना घरी बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता शिकवावीत असे सांगितले आहे. म्हणजे रोजचे जगणे हीच शाळा.

गाडा आईने एकटीने ओढू नये

बहुतेक घरांत होते काय, की मुलांना गोळा करते आई, पुस्तक काढते आई, चर्चला जायचे कपडे काढून ठेवते तीही आईच. यजमान वर्तमानपत्रातून वर पाहून ‘आमेन’ म्हणतात. मुलगा बारा-चौदा वर्षांचा झाला की तो सरळ हिशेब करतो: हे बायकांचे काम आहे! पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात, मुलांना चिडीस आणू नका, प्रभूच्या शिस्तीत वाढवा, हे बजावले आहे ते बापांना. हे यजमानांना वाचून दाखवायला हरकत नाही! त्यांना निदान एक काम नेमून द्या. रविवारचा उतारा त्यांनी वाचावा, किंवा रोज रात्री मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा. त्याला एक मिनिट लागते, पण मुले ते जन्मभर विसरत नाहीत.

सासूबाई घरात असतील तर त्यांची चाल मोडीत काढू नका. सासर जपमाळवाले आणि माहेर प्रॉटेस्टंट, अशीही घरे असतात. तिथे ‘कोणाचं खरं?’ हा वाद मुलांसमोर नको. आजीने बायबलातल्या गोष्टी सांगाव्यात, आईने गीत शिकवावे. मुलांना दोन्ही वाटा घरच्याच वाटतात.

आगमनकाळाचे चार रविवार

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. वाट पाहणे शिकवायला यासारखी दुसरी संधी नाही. १८३९ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरी योहान विखर्न हे धर्मसेवक गरीब मुलांचे वसतिगृह चालवत होते. ‘नाताळ कधी?’ असे मुले रोज विचारीत. तेव्हा त्यांनी गाडीचे एक जुने लाकडी चाक टांगून त्यावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या चार मोठ्या, इतर दिवसांच्या लहान. रोज एक पेटवायची, म्हणजे दिवस मोजता येतात. आज जगभर दिसणारे आगमनचक्र त्यातूनच आले. आपल्या घरी पितळी ताटात चार पणत्या ठेवल्या तरी काम भागते. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, अशा लावत जायच्या. काडी ओढायची पाळी मुलांची, पण मोठ्यांनी जवळ उभे राहावे.

गव्हाणीचा देखावा विकत आणण्यापेक्षा घरी करावा. गवत, माती, पुठ्ठा, पोते, सगळे हाताशी असते. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी पहिला देखावा मांडला, तोही गवत आणि खरे बैल-गाढव आणून. बाळ येशू मात्र २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवू नये. ती रिकामी गव्हाणी मुलांना रोज काहीतरी सांगते.

आणि फराळ! करंज्या, शंकरपाळ्यांबरोबर कुलकुल हवेतच. मैद्यात थोडा रवा, चमचाभर तुपाचे मोहन, चिमूटभर मीठ आणि थोडी साखर घालून नारळाच्या दुधात पीठ घट्ट भिजवावे, तासभर झाकून ठेवावे. बोराएवढी गोळी तेलाचा हात लावलेल्या काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळली की शिंपल्यासारखा आकार येतो. हे काम मुलांचे. तळणे आपले, मंद आचेवर. वाकडेतिकडे झाले तरी तेच ताटात घालून शेजारी पाठवावेत, आणि ताट घेऊन मुलांनाच धाडावे. दिवाळीचा फराळ आपल्याकडे येतो, तर नाताळचा त्यांच्याकडे जायला हवा ना?

उपवासकाळ आणि मुले

भस्म बुधवारापासून ईस्टरपर्यंत, रविवार सोडून चाळीस दिवस उपवासकाळ असतो. कॅथलिक नियमाप्रमाणे मांस वर्ज्य करण्याचे बंधन चौदा वर्षांपासून आणि उपवासाचे अठरा वर्षांपासून आहे. तेव्हा वाढत्या मुलांना उपाशी ठेवू नये. त्यांनी एखादी आवडीची गोष्ट स्वतः निवडून सोडावी: चॉकलेट, मोबाईलवरचे खेळ. वाचलेले पैसे एका डब्यात टाकावेत आणि ते कोणाला द्यायचे हेही त्यांनाच ठरवू द्यावे. आई, तूही काही सोड! आणि कोणी किती टाकले याची चर्चा नको. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये, असेच येशूने सांगितले आहे.

दुःखाच्या वर्षी

घरात मृत्यू झाला, यजमानांची नोकरी गेली, अशा वर्षी ‘यंदा काही नको’ असे वाटते. रोषणाई नको, नवे कपडे नकोत, हे ठीक. पण पणत्या लावाव्यात, प्रार्थनेला बसावे. सगळे हलले तरी एवढे जागेवर आहे, हा धीर मुलांना त्यातूनच मिळतो. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कॅथलिक कुटुंबे दफनभूमीत जातात. मुलांना बरोबर न्यावे. आजोबांची कबर स्वच्छ करताना, फुले ठेवताना, मुले जे प्रश्न विचारतात ते एरवी कधी विचारत नाहीत. डोळ्यांत पाणी आले तर लपवू नये.

मोठी मुले ‘नको’ म्हणतात तेव्हा

सोळा वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘मला नाही बसायचं.’ इथे बऱ्याच आया एक तर रडतात, नाहीतर ओरडतात. दोन्हींनी तो लांबच जातो. त्याला सांगावे, ‘प्रार्थना म्हणू नकोस, पण पंगतीला बस.’ त्याच्या शंका ऐकून घ्याव्यात. उत्तर येत नसेल तर तसे म्हणावे. आणि त्याला काम द्यावे: धाकट्यांना गिटारवर गीत शिकव, आजीला चर्चला घेऊन जा. पंगतीतली त्याची जागा मात्र रिकामी पडू देऊ नये. परगावी शिकायला गेलेली मुले फोनवर ‘आज पणती लावली का?’ असे विचारतात, ती याच जागेच्या ओढीने.

सगळे एकदम सुरू करायला जाऊ नका. येत्या रविवारी एकच गोष्ट निवडा, घरातल्या सगळ्यांना विचारून निवडा आणि सहा महिने ती मोडू देऊ नका. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू लागावे.