परत येणारी मदत

बांगलादेशात चितगावजवळ जोबरा नावाचे खेडे आहे. १९७६ साली विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारे प्रा. मुहम्मद युनूस या गावात फिरत असताना त्यांना बांबूची स्टुले विणणारी एक बाई भेटली. बांबूसाठी लागणारे पाच टका ती व्यापाऱ्याकडून उसने घेई आणि तयार माल त्यालाच, तो म्हणेल त्या भावात देई. दिवसभर राबून तिच्या हाती जेमतेम पन्नास पैसे उरत. गावातल्या अशा ४२ जणांचे देणे मोजले तर सगळे मिळून ८५६ टका, म्हणजे त्या वेळचे २७ डॉलर भरले. युनूस यांनी ते स्वतःच्या खिशातून दिले. याच कामातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ चे शांततेचे नोबेल पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले.

त्या बाईकडे हुनर होता, मेहनत होती. नव्हते ते फक्त पाच टका. पण म्हणून प्रत्येक छोटे कर्ज घराला तारतेच असे नाही. ग्रामीण बँकही व्याज घेते. आंध्र प्रदेशात तर एकाच घराला अनेक कंपन्यांनी कर्जे दिली. एकीचा हप्ता भरायला दुसरीचे पैसे घेण्याची वेळ आली, वसुलीचा जाच वाढला, आत्महत्या झाल्या. शेवटी २०१० मध्ये सरकारला अध्यादेश काढावा लागला. आमच्या शाळेत येणाऱ्या मातांमध्येही हप्त्याचा वार जवळ आला की चेहरा उतरणाऱ्या काही जणी आम्ही पाहतो. बहुतेकींनी कर्ज धंद्यासाठी नव्हे, लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी काढलेले असते. त्यातून कमाई होत नाही, हप्ता मात्र सुरू होतो.

लाहोरमध्ये २००१ साली डॉ. अमजद साकिब यांनी वेगळी वाट धरली. एका विधवा भगिनीने खैरात नको, कर्ज द्या म्हटले. तिला शिलाई मशीनसाठी दहा हजार रुपये बिनव्याजी मिळाले. तिने ते फेडले आणि तेच पैसे पुढच्या गरजूच्या कामी आले. ‘अखुवत’ ही संस्था अशी सुरू झाली. मदीनेत अन्सारांनी मुहाजिरांशी जोडलेल्या बंधुभावावरून तिचे नाव पडले आहे. कर्जाचे वाटप मशिदीत होते, चर्च आणि मंदिरांतही झाले आहे. खर्चाला देणग्यांचा आधार आहे आणि वसुली जवळजवळ पूर्ण होते. २०२१ मध्ये डॉ. साकिब यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यालाच आपण कर्ज-ए-हसना म्हणतो. जकात घेणाऱ्याची होऊन जाते. ती परत मागायची नसते. कर्ज मात्र परत येते आणि दुसऱ्या घराची चूल पेटवते. म्हणून फेडणाराही देणाराच ठरतो.

आपल्या मोहल्ल्यात दहा घरांनी मिळून असा छोटा निधी उभा करता येईल. सूरह बकरामध्ये दोन गोष्टी सांगितल्या आहेत: उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मुदत द्या. तिसरी आम्ही अनुभवाने जोडतो: पैसे कशासाठी हवेत, हे आधी विचारा. मशीन, हातगाडी किंवा शेळी घ्यायची असेल तर कर्ज द्या. घरात आजारपण असेल तर कर्ज नको, सरळ मदत करा.