खंडोबाचा किडा पाळायचा म्हणजे काय?
छंद, पैदास आणि देवाणघेवाण

समोरची ही बरणी सगळ्यांना दिसते आहे ना? मागच्या रांगांना आतलं दिसणार नाही, म्हणून सांगतो. आत एक हिरवी, बोटभर लांबीची मादी आहे. परवा आमच्या सोसायटीच्या कुंपणावर मिळाली. आज तुमच्या भेटीला आणली आहे, उद्या सकाळी त्याच कुंपणावर परत सोडणार आहे. पुढचे दोन पाय जोडून बसते म्हणून हिला प्रार्थनाकीटक म्हणतात, आपल्याकडे खंडोबाचा किडाही म्हणतात. ती प्रार्थना वगैरे काही करत नाही. काट्यांचे ते पाय मिटून ती माशीची वाट बघते आहे.

जगात यांच्या सुमारे २४०० जाती आहेत. आज बोलायचं आहे ते यांना घरी पाळणाऱ्या माणसांबद्दल. आपल्याकडे ही कल्पना विचित्र वाटते. मी नोकरीनिमित्त काही वर्षं इंग्लंडमध्ये होतो, तिथे हा छंद चांगला रुजलेला आहे. तिथली हौशी कीटकप्रेमींची संस्था, ॲमॅच्युअर एन्टॉमॉलॉजिस्ट्स सोसायटी, १९३५ सालची. तिचं वार्षिक प्रदर्शन लंडनजवळ केम्प्टन पार्कच्या रेसकोर्सवर भरत आलं आहे. जर्मनीत हाम गावी सरपटणाऱ्या प्राण्यांचा मोठा बाजार भरतो, तिथेही प्लास्टिकच्या छोट्या पेल्यांत मॅन्टिसची पिल्लं विकायला असतात.

बरणी, जाळी आणि चिलटं

पाळायला लागतं काय? खर्च फार नाही, पण नियम पक्के आहेत. पहिला नियम उंचीचा. भांडं किड्याच्या लांबीच्या किमान तिप्पट उंच हवं आणि दुप्पट रुंद. कारण काय, तर हा प्राणी कात टाकतो तेव्हा छताला उलटा लटकतो आणि जुन्या कातडीतून खाली सरकत बाहेर येतो. नवं अंग ओलं, मऊ असतं. खाली जागा नसेल तर ते वाकडंच वाळतं. म्हणून छताला जाळी हवी, मच्छरदाणीची चालते. गुळगुळीत काचेवर पकड मिळत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझा पहिला मॅन्टिस मी जेवणाच्या एका बुटक्या डब्यात ठेवला होता. सकाळी बघतो तर कात अर्धी निघालेली आणि मागचे पाय दुमडून गेलेले. दोन दिवसांत गेला. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून नव्या माणसाला मी आधी भांड्याची उंची विचारतो.

दुसरा नियम खाण्याचा. याला जिवंत आणि हलणारं भक्ष्य लागतं. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला केळ्यावर घोंघावतात ती चिलटं, म्हणजे फळमाश्या. पाळणारे लोक न उडणाऱ्या फळमाश्यांची पैदास बाटलीत करतात. पिल्लू मोठं झालं की घरमाश्या, रातकिडे, झुरळांची पिल्लं. गंमत बघा, मॅन्टिस एक पाळायचा असतो आणि माश्या पाळाव्या लागतात शेकड्यांनी! हे ज्याला जमत नाही त्याचा छंद महिन्याभरात संपतो. पाण्यासाठी वाटी ठेवायची नाही. भिंतीवर बारीक फवारा मारायचा, ते थेंब तो पितो.

तिसरा नियम, जात ओळखून हवामान द्यायचं. हायरोड्युला मेम्ब्रेनेशिया ही जात नवशिक्यांना देतात, ती खोलीच्या उबदार तापमानात मजेत राहते. तिच्या मूळ प्रदेशात आपला भारतही येतो, बरं का. दुसरी आपलीच म्हणावी अशी जात म्हणजे गॉन्गिलस, व्हायोलिन मॅन्टिस. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे तिचं घर. वाळलेल्या काटकीसारखी दिसते, कडक ऊन आणि कोरडी हवा मागते. युरोपात तिच्यासाठी बरणीवर दिवे लावून तापमान तिशीच्या वर ठेवतात. आपल्या झुडपावरचा किडा तिकडे विजेचं बिल वाढवतो आहे, असं म्हणायला हरकत नाही.

नर, मादी आणि ती प्रसिद्ध गोष्ट

आता पैदास. नर-मादी ओळखायला पोटाच्या खालच्या बाजूचे वळे मोजायचे. मादीला सहा दिसतात, नराला आठ. अडचण अशी की नर लवकर प्रौढ होतात. ऑर्किड मॅन्टिसमध्ये तर मादी वयात येईपर्यंत तिच्याबरोबर जन्मलेला नर म्हातारा होऊन मरून गेलेला असतो. म्हणून पैदास करणारे नरांना थोडं थंड ठेवतात, कमी खायला घालतात आणि माद्यांना ऊब आणि भरपूर खाणं देतात. दोघांची वेळ जुळवायची, एवढाच हेतू.

मादी नराला खाते, हे सगळ्यांना माहीत असतं. खरं आहे, पण दर वेळी नाही. फ्रान्समध्ये फाब्र यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जाळीच्या घुमटाखाली मॅन्टिस ठेवून हे पाहिलं आणि लिहिलं, तेव्हापासून ती गोष्ट जगभर गेली. १९३५ साली केनेथ रोडर यांनी दाखवलं की नराच्या डोक्यातलं एक चेताकेंद्र मीलनाच्या हालचालींना आवर घालतं. म्हणून डोकं गेल्यावरही त्या हालचाली चालूच राहतात. पण मादी उपाशी आहे का आणि नराला पळायला जागा आहे का, यावर पुष्कळ अवलंबून असतं. म्हणून अनुभवी माणूस मादीची शेवटची कात पडल्यावर दोन-तीन आठवडे थांबतो, तिला पोटभर खायला घालतो, मोठ्या जागेत सोडतो आणि नर मागून येत असताना तिच्या तोंडात एक गलेलठ्ठ माशी देतो. मीलन काही तास चालतं. ते संपलं की नराला लगेच बाहेर काढायचं. एवढं करूनही कधीकधी नर जातोच.

नंतर मादी फेसाची अंडपेटी घालते. फेस वाळून कडक होतो. हायरोड्युलाच्या एका पेटीतून शंभरावर पिल्लं निघू शकतात, आणि ती सगळी एका सकाळी बाहेर येतात. माझ्याकडे आली तेव्हा मी झाकण नीट लावलं नव्हतं. आठवडाभर आम्ही पडद्यांवरून पिल्लं वेचत होतो.

या शंभर पिल्लांचं करायचं काय?

खरा प्रश्न इथे सुरू होतो. एकत्र ठेवली तर बहुतेक जाती एकमेकांना खातात. वेगळी ठेवायची तर शंभर पेले. म्हणून देवाणघेवाण. पिल्लं ओल्या कागदाच्या बोळ्यासह छोट्या डबीत, डबी थर्माकोलच्या खोक्यात, थंडीत सोबत ऊब देणारी पिशवी, आणि पोस्टाने रवाना. पैसे घेतात, पण अदलाबदल पुष्कळ चालते. माझ्याकडे मादी आहे, तुझ्याकडे नर आहे. तू नर पाठव, अंडपेट्या निम्म्या-निम्म्या. हा व्यवहार निव्वळ विश्वासावर चालतो. आणि त्याची गरजही आहे, कारण एकाच पेटीतल्या भावंडांची पिढ्यानपिढ्या पैदास केली तर वाण कमजोर होत जातो.

दुसरा मोह वाईट. पिल्लं जास्त झाली, सोडा बागेत! न्यूझीलंडमध्ये काय झालं बघा. दक्षिण आफ्रिकेची मायोमॅन्टिस काफ्रा ही जात १९७८ साली ऑकलंडमध्ये आढळली. ती तिथे कशी पोचली हा आपला मुद्दा नाही. पोचल्यावर काय झालं ते महत्त्वाचं. ऑकलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलं की तिथल्या मूळच्या जातीचे नर या परक्या माद्यांच्या गंधाकडे ओढले जातात, आणि त्या माद्या त्यांना खातात. मूळ जातीला हा धोका ओळखता येत नाही.

तिसरा मोह रानातून पकडून विकण्याचा. २००८ साली दार्जिलिंगजवळच्या सिंगलीला राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात विनापरवाना कीटक गोळा केल्याबद्दल दोन चेक नागरिकांना अटक झाली आणि न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. आपल्याला वाटतं, किडाच तर आहे. पण नव्या, दुर्मीळ जातीला तिकडे किंमत असते, आणि एका अंडपेटीत शंभर जीव खिशातून नेता येतात. म्हणून चांगले छांदिष्ट विकत घेताना पहिला प्रश्न विचारतात, घरी वाढवलेला आहे की रानातून आणलेला? उत्तर गुळमुळीत आलं की ते घेत नाहीत.

शेवटी एक प्रश्न

(श्रोत्यांमधून एका मुलीने विचारले, "मग मी पाळू का?")

बाळ, चांगलं विचारलंस. परदेशी जात मागवू नकोस. पावसाळ्याच्या शेवटी तुझ्याच बागेत एखादा दिसेल. उंच बरणीत, जाळीच्या छताखाली, दोन दिवस ठेव. माशी कशी पकडतो ते बघ. डोकं वळवून तुझ्याकडे बघतो तेही बघ. वहीत तारीख आणि झाडाचं नाव लिही. आणि जिथून आणलास, त्याच झाडावर सोड. मी उद्या तेच करणार आहे. सातला ये आमच्याकडे, आजीला घेऊन ये.