जुहूचे विमान आणि तारखेचा आकडा

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांनी तेच उड्डाण पुन्हा केले. मित्रांनो, मधे दिवस किती लोटले?

संगणकाला '१५-१०-१९३२' ही नुसती अक्षरांची ओळ. शब्दकोशाप्रमाणे डावीकडून क्रम लावला, तर '१५-०८-१९४७' तिच्या आधी येते. म्हणजे स्वातंत्र्य आधी, टपाल मागून! शिवाय ०३-०४ म्हणजे तीन एप्रिल, की अमेरिकन रीतीने चार मार्च? हे माणसानेच सांगावे लागते. यंत्र बिनतक्रार चुकीचे वाचते.

म्हणून माहितीसंचात तारीख बहुधा आकडा म्हणून साठवतात: ठरावीक आरंभापासून मोजलेला काळ. खगोलशास्त्रातील ज्युलियन दिनगणना अशीच आहे. तीत पहिल्या उड्डाणाचा दिवस २४२६९९६, दुसऱ्याचा २४४५२५८. वजाबाकी १८२६२. पन्नास वेळा ३६५, अधिक १२ लीप दिवस, ताळा जमतो. सातने भागल्यास बाकी ६, म्हणून १९३२ चा शनिवार १९८२ मध्ये शुक्रवार झाला.

आकड्याची पुन्हा अक्षरे करताना नमुना आपणच द्यायचा. '१९३२-१०-१५' असे वर्ष आधी लिहिले, तर अक्षरांनीही क्रम बरोबर लागतो. महिना मात्र दोन अंकीच हवा. ८ नव्हे, ०८.